शाळेच्या तीन एकरांबद्दल

मी, लव्हीनिया टिस्डेल, वय एकाहत्तर, विधवा, शिवणकाम करून पोट भरणारी, राहणार हॅरो क्रीक, साउथ कॅरोलायना, लिहून ठेवते की माझे डोके ताळ्यावर आहे आणि माझ्यावर कुणाचा दाब नाही. दुखणे काही नाही.

कलम १. राहते घर मुलगा क्लिफ्टन याला. काळ्या आणि गोऱ्या मुलांच्या शाळा वेगळ्या ठेवू नयेत म्हणून आम्ही खटला भरला, तेव्हा तो नऊ वर्षांचा होता. निकाल आमच्या बाजूने लागला. जिल्ह्याने तो पाळला यंदा. तोवर क्लिफ्टन दोन मुलांचा बाप होऊन डेट्रॉइटला गेला होता.

कलम २. शिवणाचे मशीन शेजारच्या रूबी मे हिला. माझी कात्री नेऊन तिला चार वर्षे झाली, तीही आता तिचीच.

कलम ३. बाबांनी काळ्या मुलांच्या शाळेसाठी जिल्ह्याला दिलेली तीन एकर जमीन. दानपत्रात त्यांनी लिहून घेतले होते की शाळा बंद पडली तर जमीन इमारतीसकट थोरल्या लेकीकडे, म्हणजे माझ्याकडे परत. तसे कधी होईल हे माझ्या स्वप्नातही नव्हते. यंदा जूनमध्ये जिल्ह्याने आमची शाळाच बंद केली. मुले गोऱ्यांच्या शाळेत गेली, आमच्या शिक्षकांना मात्र घरी बसा अशी पत्रे आली. माझी धाकटी बहीण अर्नेस्टीन तिथे एकतीस वर्षे गणित शिकवत होती. तिला नव्या शाळेत जेवणाची ताटे उचलायचे काम देऊ केले. पत्र माझ्या मशीनवर ठेवून ती एवढेच म्हणाली, "जिंकलीस ना गं? मग आता मला घरी बसलेली बघ." तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही. चर्चमध्येही दुसऱ्या बाकावर बसते.

गेल्या मंगळवारी शाळा मंडळाचे माजी अध्यक्ष श्री. प्रूएट टोपी हातात धरून दारात उभे. फक्त गोऱ्या मुलांसाठी खासगी शाळा काढणार आहेत म्हणे, आणि त्यासाठी त्यांना आमचीच इमारत हवी. याच गृहस्थाने कोर्टात शपथेवर सांगितले होते की काळ्यांची शाळा गोऱ्यांच्या शाळेच्या तोडीस तोड आहे. आता छत गळते, संडास बाहेर आहे, वर्गांच्या उबेला शेगड्या दोनच आहेत, म्हणून स्वस्तात मागत होते. मी विचारले, "मग कोर्टात कुठल्या शाळेबद्दल बोलत होतात?"

"जुन्या गोष्टी कशाला उकरून काढतेस, लव्हीनिया?" ते म्हणाले. माझ्याहून वीस वर्षांनी लहान आहेत.

ही जमीन त्या माणसाला कधीही विकू नये, असे लिहायला मी पेन उचलले आणि माझी मलाच लाज वाटली. खटल्याच्या कागदावर सही केली तेव्हा मी अर्नेस्टीनला विचारलेच नव्हते. आम्ही जिंकलो तर तिच्या नोकरीचे काय, हे माझ्या मनातसुद्धा आले नव्हते.

म्हणून तिन्ही एकर आणि इमारत अर्नेस्टीनला, विनाअट. तिने तिथे मका लावावा, शिकवणी काढावी, नाहीतर जमीन प्रूएटला विकावी. खटल्याचा मला पस्तावा नाही. पुन्हा वेळ आली तर पुन्हा सही करीन, पण आधी तिला विचारून.

मृत्युपत्र माणूस मेल्यावर वाचायचे असते, हे मला कळते. हे मी आजच तिला वाचून दाखवणार आहे. तिने दार उघडले नाही, तर दाराबाहेर उभी राहून.

साक्षीदार: रेव्हरंड एझेकील बूथ, थिओडोशिया ग्रँट (सुईण), ओटिस मॅक्नील (न्हावी). तिघांनी माझ्यासमोर व एकमेकांसमोर सह्या केल्या.

हॅरो क्रीक, १७ सप्टेंबर १९७०
(सही) लव्हीनिया टिस्डेल