बशीचा लाल रंग

४ फेब्रुवारी, मंगळवार

नाही बदलणार. काय करायचं ते करा.

साहेबांनी माझा नकाशा दुसऱ्यांदा परत पाठवला. कोपऱ्यात पेन्सिलीने एवढंच — "ऑफिसचा साचा वापरणे."

ऑफिसचा साचा म्हणजे हिरव्या रंगाचे आठ पट्टे. सगळ्यात खालची जमीन फिकट, सगळ्यात वरची गडद. सॉफ्टवेअर जमिनीचा तळ बघतं, माथा बघतं, मधल्या उंचीचे आठ सारखे भाग करतं आणि रंग भरून मोकळं होतं. एक बटण दाबायचं, की झालं. साध्या उतारावर काही बिघडत नाही. पण या प्लॉटच्या एका कोपऱ्यात टेकडी आहे. तिनेच सगळी वाटणी गिळून टाकली. एकेक पट्टा तीन-तीन मीटरचा झाला, आणि टेकडीखालचं सगळं मैदान, जिथे खरं बांधकाम होणार, ते एकाच फिकट हिरव्यात गेलं. टेबल टेनिसच्या टेबलासारखं सपाट दिसतं.

सपाट नाही. त्यात एक लांबट बशी आहे, दीड मीटर खोल. काठ चारी बाजूंनी वर, पाण्याला बाहेर पडायला वाट नाही. उंचीच्या रेषाही दोन-दोन मीटरवर काढलेल्या, त्यामुळे बशी दोन रेषांच्या मध्ये अलगद बसली आहे. कुणाला दिसू नये म्हणून बेतून शिवल्यासारखी.

आणि बशीच्या एका टोकात वृद्धाश्रमाची होणारी इमारत. तळमजल्यावर अंथरुणाला खिळलेल्यांचे पलंग.

म्हणून नाही बदलणार.

५ फेब्रुवारी, बुधवार

उलट आज आणखी नीट केला.

आधी पट्टे थोडेच सरकवले होते, आज आठ सारखे पट्टे पार मोडून टाकले. खाली पातळ पट्टे, वर जाड. मैदानाला पाव-पाव मीटरचे, टेकडीला सबंध एकच — तिचं कौतुक पुरे झालं. प्रत्येक पट्टा कुठे सुरू होतो, कुठे संपतो, ते हाताने टाइप करावं लागतं. एकाचा शेवट तीच दुसऱ्याची सुरुवात हवी. मध्ये फट राहिली की तेवढी जमीन बिनरंगाची राहते. सकाळी तसंच झालं. मैदानातून पांढरी नागमोडी पट्टी गेली.

शेजारच्या टेबलावरच्या ड्राफ्ट्समनने मान वळवून पाहिलं. त्याला मी मनात गोगलगाय म्हणते. फाइल उघडायला दिली की जेवणाची सुट्टी होईपर्यंत उघडत असतो.

"अरे वा, नदी आणलीस," तो म्हणाला. "साहेबांना सांग, वृद्धाश्रमाला आता घाटही बांधू."

फट बुजवली. मग रंग. मैदान मध्यम हिरवं ठेवलं, बशी लाल. आधी भडक लाल घेतला होता, तो सेलच्या जाहिरातीसारखा ओरडत होता. मग हिरव्याच्याच वजनाचा घेतला — तेवढाच गडद, तेवढाच शांत. हिरव्यात लाल म्हटल्यावर ओरडायची गरजच काय? छान बसला. स्वतःवर खूश होऊन चहा प्यायले.

६ फेब्रुवारी, गुरुवार

नकाशा घेऊन थेट केबिनमध्ये गेले.

"साहेब, आश्रमाच्या इमारतीखालचा हा खोलगट भाग बघा."

त्यांनी कागद खिडकीशी नेला. चष्मा कपाळावर चढवला, परत नाकावर आणला. बराच वेळ गेला.

"कुठे?"

"इमारतीच्या खालीच. हा काय समोर."

"मला तिथे काही वेगळं दिसत नाही, मॅडम."

तोंड वर करून म्हणतात! लालेलाल डबकं नाकासमोर धरलंय आणि माणूस म्हणतो दिसत नाही. मी आकडे सांगितले, कुठून कुठे किती उतरतं ते. तर व्याख्यान सुरू झालं. पट्टे हाताने सरकवले की हवं ते दाखवता येतं. पाव मीटरचे पट्टे केले तर मैदानावरची प्रत्येक चाकोरी दरी वाटेल. राईचा पर्वत करायचं यंत्र आहे ते, म्हणूनच आपण साचा ठरवून ठेवलाय. "आणि दीड मीटर म्हणजे काय, भराव टाकतील."

यातलं अर्धं खरं आहे, म्हणून जास्त राग आला. पट्टे कसेही सरकवून खोटं बोलता येतं, कबूल. पण ते सरकवले नाहीत तरी खोटंच बोललं जातंय की! फक्त ते खोटं मशीनने परस्पर बोललेलं, म्हणून कुणाच्या अंगाला लागत नाही.

आणि भराव टाकायचा तर तसं लिहा. कुठे लिहिलंय? लिहिलं की खर्च वाढतो, खर्च वाढला की काम दुसऱ्याकडे जातं. समजतं मला.

८ फेब्रुवारी, शनिवार

मोजणीदाराला फोन केला. तिथे खरंच खोलगट आहे ना, की मोजताना काही गडबड?

"मॅडम, माझ्या डाव्या बुटाचा तळ तिथेच राहिलाय. सापडला तर पाठवून द्या."

चिखल, आणि तोही या दिवसांत. पुरे झालं एवढं.

१० फेब्रुवारी, सोमवार

मला कामावरून काढलं. म्हणजे या कामावरून. आता मी फक्त पार्किंगचा आराखडा करायचा. नकाशा गोगलगायीकडे गेला.

"तू हिरवा काढणार?" मी विचारलं.

"मी सांगतील तो काढणार."

"बशी माहीत असून?"

"हे बघ, मला दोन पोरं आहेत आणि एक बायको आहे. तिघांनाही रोज भूक लागते." मग जरा वेळाने, स्क्रीनकडेच बघत, "तुझी फाइल मी पुसणार नाही. माझ्या कामाचा वेग तुला माहीत आहे. पुसायला दोन वर्षं लागतील."

घरी आईला सांगितलं. आईने सगळी नोकरी रुग्णालयाच्या वॉर्डात काढली. पेन्शनीत निघाली तरी घरातल्या चादरी वॉर्डातल्यासारख्याच खोचते. मला वाटलं म्हणेल, जाऊ दे, कशाला तोंडी लागतेस.

"पाणी आलं तर किती वर चढेल?" तिने विचारलं.

"पलंगाच्या कडेपर्यंत तरी."

"मग त्यांना खाली उतरवणार कोण? एकेका पेशंटला उचलायला दोघं लागतात. रात्रपाळीला असते एक बाई." भाजी चिरणं थांबवलं नाही. "आणि तू पार्किंग काढत बसणार होय गं?"

नाही बसणार.

११ फेब्रुवारी, मंगळवार

हिरवा नकाशा छापून आला. सुंदर आहे. फ्रेम करून लावावा असा.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

आज बैठक झाली. सगळं लिहून ठेवते.

मला पार्किंगचा कागद घेऊन बोलावलं होतं. त्याखाली माझा नकाशा गुंडाळून नेला. आश्रमाच्या बाई आल्या होत्या, सगळा कारभार पाहणाऱ्या. थोराड बांधा, आवाज दारापर्यंत जाणारा. साहेबांनी हिरवा नकाशा दाखवला. बाईंनी मान डोलावली. "छान, सपाट आहे. व्हीलचेअरला बरं."

व्हीलचेअर म्हणाल्या आणि माझा पार्किंगचा कागद बाजूलाच राहिला. मी माझा नकाशा त्यांच्यापुढे पसरला.

"हीच जमीन आहे. फक्त खालचे पट्टे पातळ केलेत."

साहेबांचा जबडा आवळलेला दिसला. बाई वाकल्या. "हे लाल काय आहे?"

"खोलगट. पाणी साठेल. बाहेर जायला वाट नाही."

"आणि आमचे पलंग?"

"लाल भागात."

मला वाटलं, आता साहेब मला दार दाखवणार. पण ते उठून आले, अगदी समजूतदारपणे. म्हणाले, "तशी शंका असेल तर इमारत सरकवू, त्यात काय. इथे घेऊ." आणि बोट ठेवलं.

बशीच्या दुसऱ्या टोकावर. बरोबर मधोमध.

"अहो साहेब, तेही लालच आहे," बाई म्हणाल्या.

बोट उचललं. थोडं बाजूला ठेवलं. पुन्हा लालवरच.

"थट्टा करताय का आमची?"

तेव्हा मी त्यांच्याकडे पाहिलं. खोटं बोलणारा माणूस लाल सोडून बोट ठेवेल. त्याला ते टाळायचं असतं! हे तसं नव्हतं. परक्या घरात दिवे गेल्यावर भिंतीवर बटण चाचपडावं, तसं ते बोट फिरत होतं.

मी वाकून माझं बोट टेकडीच्या पायथ्याशी ठेवलं. "साहेब म्हणतायत ते इथे. इथे उंचवटा आहे, आणि रस्ताही जवळ."

"हां, मग ठीक," बाई म्हणाल्या.

का वाचवलं मी त्यांना? माहीत नाही. आपसूक झालं. पण आश्रम तर वर आला, आणि ते मी केलं. आईला सांगितलं तर म्हणाली, बरं झालं, आता जेव.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

सकाळी आधी एक गोष्ट केली. माझा नकाशा काळ्या-पांढऱ्या प्रिंटरवर काढला. बशी गेली! मैदान आणि बशी, दोन्ही एकच करडी. हिरव्याच्या वजनाचा लाल. माझी हुशारी!

कागद घेऊन केबिनमध्ये गेले आणि दार लावलं.

"तुम्हाला लाल-हिरव्यातला फरक कळत नाही."

साहेबांनी कागदाकडे पाहिलं. नाही म्हणतील असं वाटलं होतं. "गडद-फिकट कळतं," ते म्हणाले. "त्यावरच चाललंय सगळं. टोमॅटो दाबून बघून घेतो. सिग्नलला दिव्याची जागा बघतो."

"म्हणून साचा हिरव्या छटांचा."

"त्यात मला दिसतं."

"आणि मी बशीबद्दल आकडे सांगत होते तेव्हा?"

"मला वाटलं तुम्ही पट्टे सरकवून काहीतरी घुसडताय. डोळ्यांना दिसेना, मग आकड्यांवर विश्वास कोण ठेवतो? मलाच वाटत होतं, ही बाई मला मूर्ख बनवतेय."

हसू आलं असतं, पण आलं नाही.

"आधी सांगायला हवं होतं, साहेब."

"काय सांगू? नकाशे तपासणाऱ्या माणसाला रंग ओळखता येत नाहीत, असं?"

"हो. असंच."

"बोलायला सोपं आहे."

"सोपं नाही. तरी सांगायला हवं होतं."

कणव येत होती आणि रागही जात नव्हता. नकाशा परत तुम्हीच करा म्हणाले, तरी दोन्ही घेऊनच बाहेर आले. त्यांना दिसत नाही यात त्यांचा दोष नाही. पण न दिसणाऱ्या नकाशावर "वेगळं काही नाही" असं ठणकावून सांगणं, हा दोष त्यांचाच. डोळ्यांचा नाही. हे मी त्यांच्या तोंडावरही म्हणेन.

"काय झालं? काढलं तुला?" गोगलगायीने विचारलं.

"नाही. काम परत मिळालं."

"बरं झालं. मी अजून पुसायला सुरुवातच केली नव्हती."

१७ फेब्रुवारी, सोमवार

आज रंग पुन्हा ठरवले, साहेबांना शेजारी बसवून. बशी गडद निळी, मैदान वर चढत फिकट होत जाणारं, टेकडीला पिवळा. पट्टे माझेच — खाली पातळ, वर जाड. त्यावर मी एक इंचही मागे हटले नाही.

मी काही सांगायच्या आत त्यांनी बशीवर बोट ठेवलं. तिच्या काठाने सबंध फिरवलं, सावकाश.

"केवढी आहे," ते म्हणाले.

चहा आला, तो तसाच निवला. जाताना विचारलं, "बाहेरच्या कंपन्यांचे नकाशे आपण तपासून दिले, ते त्यांच्या रंगात असायचे. हो ना?"

मी हो म्हटलं.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

सकाळी साहेब माझ्या आधी येऊन बसले होते. एक जुना नकाशा पुढे केला, दुसऱ्या कंपनीचा, लाल-हिरवा. खाली "तपासले" आणि त्यांची सही. "बघा, यात काही आहे का."

होतं. तळहाताएवढा लाल खोलगट भाग, आणि त्यावर बैठ्या घरांची रांग.

"बांधकाम सुरू व्हायचंय ना?"

"लोक राहायला गेले."

ते म्हणाले, आधी वकिलाशी बोलून घेऊ. मी पर्स उचलली. म्हटलं, त्या घरांकडे जाताना वाटेत बोला. गाडी काढा.