एक घर सरकलेला उंट

रविवार, ३ मार्च
व्याह्यांशी, म्हणजे सूनबाईच्या वडिलांशी, बुद्धिबळ. अकरा वर्षांत एकही डाव जिंकलेलो नाही. पण हरण्यातही माझी एक शैली आहे. आज डाव अर्धा राहिला. पट हॉलमध्ये तसाच झाकून ठेवलाय. त्यांचा उंट माझ्या वजिरावर टपलेला. पुढच्या रविवारी मीच जिंकणार.

मंगळवार, ५ मार्च, दुपारी ३
पट पुसला. पुसताना त्यांचा उंट एक घर बाजूला सरकला. फडकंच जाड. परत ठेवणार होतो, तेवढ्यात चौथीतली पाखरांची कविता आठवली. तंद्री लागली.

बुधवार, ६ मार्च
उंट तिथेच. वजिराला हायसं वाटतंय. मला तितकं नाही. उद्या नक्की परत ठेवायचा.

रविवार, १० मार्च
व्याही पटाकडे बघतच राहिले. म्हणाले, माझे दोन्ही उंट काळ्या घरांवर कसे? तिरका चालणारा उंट जन्मात घराचा रंग बदलत नाही. (हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.) मग स्वतःच म्हणाले, मागच्या खेपेला मीच सरळ चालवला असेन, वय झालं. आणि डाव सोडला.
जिंकलो! बायको म्हणाली, अहो, मग तोंड का असं? जेवण गेलं नाही.

सोमवार, ११ मार्च
सूनबाई रडवेली. बाबा औषधांचं दुकान बंद करणार म्हणे. उंटाची चाल विसरणाऱ्याने लोकांना गोळ्या देऊ नयेत, असं म्हणाले. चाळीस वर्षांचं दुकान! तिला धीर यावा म्हणून पाखरांची कविता म्हटली. तिसरं कडवं आठवेना.

मंगळवार, १२ मार्च
व्याह्यांना फोन करून सगळं सांगायचं ठरवलं. केला. हवेबद्दल छान बोलणं झालं.

शनिवार, १६ मार्च
पत्र लिहिलं. यमकं सुरेख जुळली. कबुली तेवढी राहिली.

रविवार, १७ मार्च
व्याही दुकानाच्या किल्ल्या घेऊनच आले. लेकीच्या हातात ठेवणार, तोच माझ्या तोंडून निघून गेलं, उंट मी सरकवला! सूनबाई म्हणाली, अप्पा, तुम्ही? बायकोने माझ्यापुढचा चहा उचलून व्याह्यांपुढे ठेवला, ते जास्त लागलं.
व्याह्यांनी किल्ल्या खिशात टाकल्या. तो जुना डाव आठवून जसाच्या तसा मांडला, प्याद्यांसकट. पाच चालींत मला मात.
मन पिसासारखं हलकं झालं. खरं बोलणं माझ्या रक्तातच आहे.

रविवार, २४ मार्च
नवा डाव, तोही अर्धा राहिला. निघताना व्याह्यांनी मोबाइल काढला. मनात म्हटलं, अकरा वर्षांचा स्नेह, फोटो हवाच. केस सारखे केले, पटाशेजारी हसून उभा राहिलो.
ते म्हणाले, जरा बाजूला व्हा, पटावर सावली पडतेय.