राजकन्येच्या वजनाचं पोतं

८ ऑक्टोबर १९५४, शुक्रवार

काल दसऱ्याचं सोनं वाटता वाटता नाटकाचे रोलही वाटले गेले. दिवाळीनंतर भरणाऱ्या मंडईच्या जत्रेत आमच्या गावचं नाटक 'रूपगडची राजकन्या'. लेखक, डायरेक्टर आणि पेटीमास्तर, तिन्ही एकच : हेडमास्तर भैयाजी. सरदार समशेरसिंगाचा मेन रोल मला! इतकी वर्षं तो लालसू करायचा. लालसू राजुऱ्याकडं कोळशाच्या खाणीवर लागला, त्यामुळं यंदा कलेला संधी मिळाली.

अडचण एकच. तिसऱ्या अंकाच्या शेवटी महाल पेटतो आणि सरदार राजकन्येला दोन्ही हातांवर उचलून आगीतून बाहेर नेतो. राजकन्या म्हणजे आमचा वारलू. शालू नेसून तोंड उघडलं की आवाज मैनेचा, पण अंगानं धान साठवायची ढोली. लालसू त्याला गवताच्या भाऱ्यासारखा उचलायचा आणि त्या एका सीनसाठी चार गावचे लोक बंड्या जुंपून यायचे.

भैयाजींनी चष्म्यावरून पाहिलं. "जमन का गा गुणवंतराव? नाई जमत तं आताच सांगा."

मी म्हटलं, मी लाकडाच्या डेपोवरचा कारकून. रोज सागवानाचे लठ्ठे मोजतो. वजनाशी माझा जुना संबंध आहे.

घरी वच्छलेला सांगितलं. ती म्हणाली, "पान्याची घागर तं तुमी उंबऱ्यात ठेवून मले हाक मारता." बायकांना ॲक्टिंग कळत नाही.

संकल्प : उद्यापासून पहाटे पाचला उठणे. वारलूच्या वजनाचं एक पोतं तयार करणे. ते रोज घरीच उचलणे. मंडईपर्यंत वारलू म्हणजे कापूस.

९ ऑक्टोबर, शनिवार. सकाळी साडेआठ

कोंबडा आरवला नाही. वच्छलेच्या मते आरवला आणि मी त्याला शिवी दिली.

हरकत नाही. नुसतं उठून काय करणार? आधी पोतं पाहिजे. साधन चुकीचं निवडलं तर बॉडी बिघडते.

१० ऑक्टोबर, रविवार

वारलूला गोड बोलून शेटजीच्या धानाच्या काट्यावर बसवलं. दोन मणाला जरासा कमी. म्हणजे बरोबर धानाचं एक पोतं! निसर्गानंच सोय केली. घरात पोतं उभं होतंच. मिठी मारली. हललं. निदान हलल्यासारखं वाटलं. दुसऱ्यांदा जोर लावला तेव्हा पोत्याची शिवण उसवली आणि धान अंगणात. शेजारच्या रुखमाबाईच्या कोंबड्या कुठून आल्या कोण जाणे.

वच्छला सुपानं धान गोळा करत होती. मी बाजूला उभा राहून डायरेक्शन देत होतो. तिनं सांगितलं, खायच्या धानाला पुन्हा हात लावायचा नाही.

तसंही धान योग्य नव्हतं. दाणा सरकतो. राजकन्या अशी सरकत नाही.

१२ ऑक्टोबर, मंगळवार

डेपोवर ठेकेदारसाहेबांकडं नागपूरच्या एका दुकानाचा कॅटलॉग सापडला. त्यात चित्र : "व्यायामाची कॅनव्हास बॅग, वजनदार, घरच्या घरी बलसंवर्धनासाठी." शेजारी एक मिशीवाला गृहस्थ ती खांद्यावर घेऊन हसत उभा. अगदी समशेरसिंग! ताबडतोब व्ही.पी.नं मागवली. येईपर्यंत गावठी साधनांवर भागवावं लागणार.

१४ ऑक्टोबर, गुरुवार

आजपासून रेती. सायंटिफिक. शहरातले पैलवानही रेतीच वापरतात असं ऐकून आहे. पोचूची बंडी मागून घेतली, नदीवर गेलो, पोतं गच्च भरलं. भरताना लक्षात आलं नाही, पण रेती ओली होती. नदीवरच्या चार माणसांनी ते बंडीत टाकलं. घरी आल्यावर उतरवायला चार माणसं नव्हती.

पोतं बंडीतच राहू दिलं. बंडीच्या उंचीवर असल्यामुळं उचलायला उलट सोयीचं.

१७ ऑक्टोबर, रविवार

पोचू आला. म्हणाला, "गुणवंतभाऊ, बंडी पाह्यजे मले. धान कापाले लागलो. तुमची रेती कवा उतरवता?" मी म्हटलं, संध्याकाळी. तो म्हणाला, तीन दिवस संध्याकाळच होऊन राह्यली. आणि बंडी घेऊन गेला, रेतीसकट.

संध्याकाळी कळलं की ती रेती त्यानं गोठ्याच्या दारातल्या खड्ड्यात टाकली आणि खड्डा झक्कास बुजला. चला, गावाच्या उपयोगी पडलो. नाहीतरी रेती मुर्दाड असते. जिवंत माणसाचा फील येत नाही.

तालमीत भैयाजी म्हणाले, उचलायचा सीन एकदा करून पाहू. मी म्हटलं, आज घसा बसला आहे. भैयाजी म्हणाले, उचलाले घसा काऊन लागते? आर्टिस्टनं डायरेक्टरशी वाद घालू नये.

२० ऑक्टोबर, बुधवार

मुख्य चूक सापडली! माणूस म्हणजे काय? आत पाणी, वरून कातडं. तेव्हा पोतं नको, पखाल पाहिजे. बैलाच्या पाठीवरून पाणी वाहायची जुनी चामड्याची पखाल बिरजूकडं पडून होती. मागून आणली, विहिरीवर भरली. काय डुलते! अगदी वारलू दुसऱ्या अंकात लाजून चालतो तशी.

वास येतो. पण वास वारलूलाही येतो, तो शालू सहा वर्षं धुतलेला नाही.

उद्या पहाटे पाच.

२२ ऑक्टोबर, शुक्रवार

काल पहाटे पखालीला कवेत घेतलं आणि तिचं तोंड सुटलं. पाणी सगळं माझ्या अंगावर. पहाटेचा गारठा. (सहा वाजले होते. प्रोग्रेस आहे.) मग दिवसभर ताप. वच्छलेनं काढा दिला आणि पखाल परत नेऊन दिली. परस्पर. मला न विचारता. माझ्या हातात आलेली एकमेव चांगली वस्तू ती होती.

२६ ऑक्टोबर, मंगळवार. लक्ष्मीपूजन

अशक्तपणा आहे म्हणून विश्रांती. अनारसे खाल्ले. ताकद आतून यावी लागते.

वारलूची बायको गुणाबाई फराळाचं घेऊन आली. वच्छलेला सांगत होती, "आमचे रात्री जेवतच नाईत आता. ताट सारून देते. इचारलं तं म्हनते, मंडई होऊ दे." वच्छला माझ्याकडं पाहत राहिली. मला कारण ठाऊक आहे. मेन रोल मला मिळाला, वारलूच्या मनाला लागलं. कलावंतांत जळफळाट असायचाच. त्याच्याशी मी नेहमीपेक्षा गोड वागायचं ठरवलं आहे.

२९ ऑक्टोबर, शुक्रवार. दुपारी

आज खरा प्रयोग! वच्छला बोडीवर कपडे धुवायला गेली होती. मी कापसाची गादी घेतली, गुंडाळली, मध्ये पाटा-वरवंटा ठेवला, दोरीनं आवळली आणि वरून वच्छलेचं लाल लुगडं नेसवलं. पोत्यासमोर संवाद म्हणायला लाज वाटते. लुगडं नेसवलं की भावना आपोआप येतात. "राजकन्ये! या ज्वाळांतून तुला फुलासारखी उचलून नेतो!" असं मोठ्यानं म्हणत तिला छातीशी धरलं. पाटा पायावर पडला, पण भावना उत्तम आल्या.

कुडाच्या फटीतून कोणीतरी पाहिल्यासारखं वाटलं. कोंबडी असावी.

१ नोव्हेंबर, सोमवार

कोंबडी नव्हती. रुखमाबाई होती.

तिनं बोडीवर जाऊन सगळ्या बायकांत सांगितलं की गुणवंतराव भरदुपारी लाल लुगड्यातल्या बाईला मिठी मारून राह्यले होते आणि पळून जाऊ म्हणत होते. वच्छला ओल्या कपड्यांसह धावत आली होती म्हणे, तेव्हा मी डेपोवर गेलो होतो. घरात लुगडं आणि गादी पाहून ती काय समजायचं ते समजली.

त्या रात्री मी सगळं समजावून सांगितलं. वच्छलेनं तोंडाला पदर लावला. मला वाटलं रडते. ती हसत होती. "बाई असती तं बरं झालं असतं," म्हणाली, "गादी तं तुमी उचललीच नाई."

डेपोवर लंगडत गेलो. ठेकेदारसाहेबांनी विचारलं, कोणाच्या भावानं मारलं?

५ नोव्हेंबर, शुक्रवार

तालीम. वारलू स्वतः म्हणाला, "भाऊ, एकडाव उचलून पाहा ना मले. मनात भेव नाई राहत मंग." मी म्हटलं, हुकमाचं पान आधी टाकलं तर मंडईत काय उरलं? तो म्हणाला, "तसं नाई भाऊ, पडलो तं दोघंबी पडू." बिचारा उतरलेला दिसतो. गळ्याची हाडं वर आली आहेत. त्याला पाठीवर थोपटलं, म्हटलं, पुढल्या वर्षी तुलाही मोठा रोल मिळेल. तो गोंधळून पाहत राहिला.

भैयाजी पेटी बंद करून जवळ आले. हळू आवाजात म्हणाले, सहा गावाले आवतन धाडलं हाय, गुणवंतराव. लालसूच्या वेळी जे यायचे ते सगळे येऊन राह्यले. अजूनबी येळ नाई गेली. सरदार राजकन्येचा हात धरून चालत बाहेर पडला तरी मी लिहून देतो.

हात धरून! समशेरसिंग! मी ठाम नकार दिला.

९ नोव्हेंबर, मंगळवार

नागपूरची बॅग आली!! पोस्टमननं ती काखेत मारून आणली, तेव्हाच शंका आली. उघडली. कॅनव्हास उत्तम, बक्कल पितळी, बॅग रिकामी. सोबत चिठ्ठी : "वजन ग्राहकाने आपल्या शक्तीनुसार भरावे."

पण निवड अखेर झाली. सुरुवात एक महिना आधी झाली असती तर प्रश्नच नव्हता, तो दोष टपालाचा. आज रिकामी बॅग दोन्ही हातांवर घेऊन अंगणात तीन चकरा मारल्या. सहज. अजिबात धाप लागली नाही. कॉन्फिडन्स वाढला.

मंडई उद्या.

११ नोव्हेंबर, गुरुवार. खाटेवरून

पाठीमुळं आडवं लिहितो आहे.

गॅसबत्त्या, माणसांचा समुद्र, झाडांवरही पोरं. पहिले दोन अंक मी गाजवले असं माझं मत आहे. तिसऱ्या अंकात महाल पेटला, म्हणजे पडद्यामागं राळ उडवली. सगळं मैदान चिडीचूप. मी वारलूच्या गुडघ्याखाली हात घातला, दुसरा पाठीखाली, आणि म्हटलं, "फुलासारखी उचलून नेतो!"

उचलली नाही.

प्रॉम्प्टरला वाटलं मी वाक्य विसरलो. त्यानं पुन्हा सांगितलं, "फुलासारखी." मी पुन्हा म्हटलं. मागून कोणीतरी ओरडलं, "फूल कायचं होय, भोपऱ्याचं काय?" वारलू ओठ न हलवता म्हणाला, "भाऊ, नुसता हात धरा, मी चालतो." पण सहा गावं पाहत होती. मी डोळे मिटून सगळी ताकद लावली. कमरेत कडाड् असा आवाज आला आणि मी तसाच वाकलेला राहिलो. वर होता येईना, खाली बसता येईना.

किती वेळ गेला माहीत नाही. राळ संपत आली होती. भैयाजींची पेटी एकाच सुरावर अडकली होती. मला मनापासून वाटलं, महाल खरोखरच जळून माझ्या अंगावर पडावा.

तेवढ्यात वारलू उभा राहिला. पदर कमरेला खोचला आणि मैनेच्या आवाजात म्हणाला, "नाथ! लढाईत तुमी लई दमलात. आता या दासीची पाळी!" आणि मला खांद्यावर टाकून ज्वाळांतून निघून गेला.

असा हशा आणि अशा टाळ्या मी ऐकल्या नव्हत्या. वन्स मोअर! वारलू मला परत घेऊन आला आणि पुन्हा घेऊन गेला. मग आणखी एकदा. दर वेळी माझ्या तोंडून किंकाळी निघाली, ती लोकांना फार आवडली.

बायकांच्या बाजूला वच्छला उभी राहून टाळ्या वाजवत होती. तेवढं उलट्या अवस्थेतही दिसलं.

१४ नोव्हेंबर, रविवार

वच्छला मोहाच्या टोळीच्या तेलानं पाठ चोळते आहे. आता बसता येतं.

सकाळी वारलू आला, पायाशी बसला, पुन्हा पुन्हा माफी मागत होता. म्हणाला, "महिनाभर रात्रीचं जेवलो नाई भाऊ, तुमाले जड नाई गेलं पाह्यजे म्हनून. तरी कमीच पडलं माह्यं." वच्छलेनं त्याला तिथंच पाट मांडून भात वाढला. तीनदा. मी पाहत राहिलो.

दुपारी भैयाजी एका पाहुण्याला घेऊन आले. पलीकडच्या गावचा पाटील. त्यांच्या मंडईत आमचं नाटक पाहिजे, पण शेवट परवा झाला तसाच. राजकन्या हीच पाहिजे, बदल चालणार नाही. सरदाराचं त्याला काही पडलेलं नव्हतं. "सरदार कोनीबी चालन," तो म्हणाला, "हलका पाह्यजे फक्त."

भैयाजींनी माझ्या खाटेकडं बोट दाखवलं. म्हणाले, याच्याहून हलका तुमाले उभ्या तालुक्यात भेटनार नाई.

पाटलानं मला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं. एक हात काखेखाली घालून जरासं उचलून बघितलं. मान डोलावली. रोल पक्का झाला.

शेवटी कलेत निवड गुणावरच होते.