उजव्या मांडणीतले वीस उपाशी

३ मार्च, सोमवार
नव्या प्रयोगाचा पहिला दिवस. संस्थेच्या प्राणिगृहात मला सव्वीस वर्षं झाली, पण इतका सुटसुटीत प्रयोग पाहिला नव्हता. चाळीस उंदीर. डाव्या मांडणीत वीस, पोटभर जेवणारे. उजव्या मांडणीत वीस, त्यांना दोन-तृतीयांशच दाणे. कमी खाल्लं तर वजन किती आणि कसं उतरतं, एवढंच बघायचं. प्रयोग मॅडमचा. मॅडम म्हणजे पीएच.डी. करणारी मुलगी, माझ्या लेकीहून लहान. मी तिला मॅडम म्हणतो, ती मला काका म्हणते. दर सोमवारी वजनं त्या करणार. दाणे मोजून घालणं आणि पिंजरे साफ करणं माझ्याकडे. मॅडमचे मार्गदर्शक, म्हणजे आमचे सर म्हणाले, सगळं तुमच्या हातात आहे. मी म्हणालो, निर्धास्त राहा.
संकल्प: काटेकोरपणा. रोजनिशीही आजपासून नियमित.

९ मार्च, सकाळी साडेसात
रविवार असूनही ड्यूटी. उजवीकडचे दाणे तासाभरात चट्टामट्टा करतात आणि मग मी जाईन तिकडे माना वळवतात. सतरा नंबरचा तर जाळीला नाक लावून उभाच. आता मी त्यांच्याकडे पाठ करून पेपर वाचतो. पाठीला कळतं.

११ मार्च
डब्यातलं एक बिस्किट फुटलं. चुरा फेकूनच द्यायचा, तो सतराला दिला. चिमूटभर. एवढ्याने विज्ञान बुडत नाही.

१२ मार्च
एकट्या सतराला देणं म्हणजे पक्षपात. प्रयोगात पक्षपात चालत नाही, हे सर नेहमी सांगतात. म्हणून आज विसांनाही दिलं. मिळून अर्धं बिस्किट. उद्यापासून बंद.

१३ मार्च
बंद म्हणजे सोमवारपासून. आठवडा मध्येच मोडू नये.

१७ मार्च, सोमवार
आज काही दिलं नाही. जवळजवळ.

२ एप्रिल
घरी कटकट. सौ. म्हणते, रोज बिस्किटांचा एक पुडा संपतो, तो जातो कुठे? पुड्यात सहा असतात. सहा! तिचा काहीतरी घोटाळा होतोय, मी देतो एखाद-दुसरं. पण उंदरांना देतो असं सांगितलं तर पंधरा मिनिटांत ते बिल्डिंगभर होईल. म्हणून म्हणालो, मीच खातो. ती म्हणाली, या वयात साखर वाढवून बसाल, उद्यापासून चहा बिनसाखरेचा. विज्ञानासाठी लोकांनी काय काय सोसलंय. मी कडू चहा सोसतो.

२१ एप्रिल, सोमवार
मोठा दिवस. उजवीकडच्या उंदरांची वजनं पहिला आठवडा उतरली होती, पण तेव्हापासून उतरायचं नावच नाही. मॅडमनी प्रत्येक उंदीर तीन-तीनदा तोलला आणि धावत सरांना घेऊन आल्या. सरांनी प्राणिगृहात पाऊल टाकल्याला चार वर्षं झाली असतील. दार ढकलायचं की ओढायचं तेही त्यांना आठवेना. सगळे आकडे त्यांनी दोनदा बघितले. मग म्हणाले, शरीर कमी अन्नात भागवायला शिकतंय, हे आजवर कुणाच्या लक्षात आलेलं नाही, निसर्गाने इथे काहीतरी दडवून ठेवलंय. मला ठसका लागला. मॅडमनी पाणी आणून दिलं आणि पाठीवरून हात फिरवला. फार वाईट वाटलं.
निर्णय: हळूहळू बंद. एकदम केलं तर लक्षात येईल.

५ मे, सोमवार
हळूहळू जमत नाही. आजपासून एकदम. डबाच घरी ठेवून आलो.

१९ मे, सोमवार
दोन आठवडे पाळलं! अगदी पाळलंच असं नाही, पण पाळलं. आज वजनं धाडकन खाली. मॅडमचा चेहरा पांढराफटक. उंदरांना रोग झाला असेल म्हणून विसांचंही रक्त तपासलं, दुपारी जेवल्यासुद्धा नाहीत. म्हणाल्या, काका, रोग निघाला तर हे काम फुकट. मग पदवी पुढच्या वर्षावर, आणि जानेवारीपासून दुसऱ्या संस्थेत मिळालेली जागा हातची गेली. आईला अजून सांगितलंही नाही म्हणाल्या, पक्कं झाल्यावरच सांगणार. बोलता बोलता उजवा डोळा पुसत होत्या. दोन्ही डोळे पुसले असते तर मी तिथेच सांगून टाकलं असतं.
बिस्किटं पुन्हा सुरू. हा मोह नव्हे, ही जबाबदारी आहे.

१६ जून, सोमवार
वजनं पूर्ववत. मॅडम हसल्या. कॅन्टीनच्या वाटेवर ‘संस्थेचे नवे शोध’ हा फलक आहे, त्यावर यंदा पाच शोध लागले. रसायनवाल्यांचा पाण्याखाली चिकटणारा डिंक. वनस्पतीवाल्यांनी शोधलंय की झाडाचं मूळ सुकायला लागलं तर ते शेजारच्या झाडाला आधी कळवतं. कुणीतरी थंडीत रंग बदलणारा पत्रा केलाय. छतावरच्या रेडिओ दुर्बिणीला आकाशातून रोज एक अनोळखी संदेश मिळतो. आणि सगळ्यांच्या वर आपले उंदीर! फोटोत मॅडम, सर, आणि सतराचा पिंजरा धरून मी. सतरा चांगलाच गुबगुबीत दिसतो. सौ.ने फोटोच्या दोन प्रती मागितल्या, एक तिच्या भावाला पाठवायला.

४ जुलै, शुक्रवार
शुक्रवारच्या सभेत गंमत. दुर्बिणीवाल्यांनी स्वतःच उभं राहून सांगितलं की आकाशातला तो संदेश म्हणजे आपल्या इमारतीची लिफ्ट. रोज एक वाजून पाच मिनिटांनी सगळे जेवायला खाली जातात, तेव्हा तिची मोटर कुरकुरते. सात महिने डोंगर पोखरला आणि लिफ्ट निघाली. मला वाटलं, आता यांची अब्रू गेली. पण लोकांनी टाळ्या वाजवल्या! सर म्हणाले, चूक कबूल करणं हेही विज्ञानच.
डोळे उघडले. पुढच्या शुक्रवारी मीही सांगणार. भाषण मनात तयार आहे. सुरुवात भूतदयेपासून करावी.

११ जुलै
सरांना सर्दी. आजारी माणसाला धक्का देऊ नये.

१८ जुलै
आज मॅडमचा वाढदिवस निघाला. केकचा तुकडा माझ्यासाठी प्राणिगृहात घेऊन आल्या. त्यातला सतराला दिला नाही. पोरीने प्रेमाने आणलेला घास कुणी उंदराला देतं का! थोडासाच दिला.

२५ ऑगस्ट, सोमवार
लेख नियतकालिकाकडे गेला. शेवटी आभार आहेत. मॅडमनी वाचून दाखवलं: ‘प्राण्यांच्या काटेकोर आणि प्रामाणिक देखभालीबद्दल.’ माझे आभार! मी म्हणालो, माझा उल्लेख काढून टाका. त्यांनी काढला नाहीच, उलट काका किती साधे आहेत म्हणून अख्ख्या मजल्यावर सांगत सुटल्या. खाई त्याला खवखवे म्हणतात. इथे खाल्लं उंदरांनी आणि खवखवतंय मला.

९ सप्टेंबर
सौ.ने ओढून नेऊन साखर तपासली. अगदी नॉर्मल. डॉक्टर म्हणाले, आश्चर्य आहे. सौ. म्हणाली, रोज पुडाभर बिस्किटं खाऊन काही होत नाही, हाही एक शोधच लावा तुमच्या फलकावर. चहात साखर मात्र परत आली नाही.

६ ऑक्टोबर, सोमवार
जूनमध्ये आपल्या शोधाची बातमी ऐकून दुसऱ्या एका संस्थेने आपला प्रयोग जसाच्या तसा करून बघितला. त्यांचे कमी खाणारे उंदीर सरळ बारीक होत गेले, जसे व्हायला हवेत तसे. सर भडकले. म्हणाले, त्यांचा प्राणिगृहवाला बेजबाबदार असणार, दाणेच मोजत नसेल. मी म्हणालो, असतात अशी माणसं, नोकरीचं सोनं करायचं सोडून माती करतात. जरा जास्तच मोठ्याने म्हणालो. तो बिचारा कोण कुठला, दाणे मोजून घालत असेल, रोज, वेळेवर. त्याचीच मनात माफी मागितली. समक्ष मागायचं राहून जातंय.
शुक्रवारी सांगायचंच. हा शुक्रवार नाही, कारण सर बाहेरगावी.

३ नोव्हेंबर, सोमवार
नियतकालिकाने लेख थांबवलाय, आधी फरकाचं कारण द्या म्हणून. मॅडम स्वतःवरच संशय घेतायत. वजनकाट्यावर शंभर ग्रॅमचं वजन ठेवून त्याला दहा वेळा तपासलं, दाण्यांच्या तीन पोत्यांतले नमुने तपासले, मार्चपासूनचे आकडे हाताने पुन्हा मांडले. सगळं तपासलं. मला सोडून. मी समोरच पिंजरे धूत होतो.

२६ नोव्हेंबर
दुपारी पिंजरे धुण्याच्या खोलीत गेलो तर मॅडम नळ सोडून रडत होत्या. मला बघून म्हणाल्या, काका, माझ्याच हातून कुठेतरी चूक झालीय आणि ती मला सापडत नाही. माझी बुद्धीच नाही या कामाची, सोडून देते.
मी काहीतरी बोललो. काय ते आठवत नाही. होईल सगळं ठीक, असलंच काहीतरी. घरी जेवण गेलं नाही. सौ. म्हणाली, बिस्किटं खाऊन आलात ना? आज तिला सगळं सांगितलं. तिने चहा केला, साखर घातली, आणि म्हणाली, उद्या तिला सांगितल्याशिवाय घरात पाऊल टाकू नका.

२७ नोव्हेंबर
सांगितलं. सकाळी नऊला, उजव्या मांडणीसमोर उभं राहून. भूतदयेची सुरुवात विसरलो. तीन वाक्यांत संपलं. नऊ महिने याला घाबरत होतो.
मॅडम ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर हलकं वाटलं असतं. स्टुलावर बसल्या. मग एवढंच विचारलं, की कुठल्या उंदराला, कुठल्या दिवशी, किती, हे कुठे लिहून ठेवलंय का? तसं असेल तर बिस्किटं धरून सगळं गणित नव्याने मांडता येईल. काम वाचेल, जानेवारीही वाचेल.
मी म्हणालो, आहे! मार्चपासून, तारीखवार, माझ्या रोजनिशीत! त्यांच्या चेहऱ्यावर रक्त परत आलं. म्हणाल्या, काका, उद्या तक्ता करून आणा. सुटलो एकदाचा. उलट मीच वाचवणार म्हणायचं.

२७ नोव्हेंबर, संध्याकाळी
तक्ता आखून बसलो. तारीख, उंदीर, ग्रॅम.
११ मार्च, चिमूटभर. बिस्किट फुटलं होतं असं लिहिलंय. फुटलं नव्हतं. मी फोडलं होतं.
१२ मार्च, अर्धं. अर्ध्यात वीस उंदीर कसे भागतील?
१७ मार्च, ‘जवळजवळ’. याचे ग्रॅम किती?
५ ते १९ मे, पाळलं, असं लिहिलंय. पण अगदी पाळलंच असं नाही, असंही लिहिलंय. ‘आज काही दिलं नाही’ हे वेगवेगळ्या शब्दांत नऊ वेळा आहे. त्यातले दोन दिवस खरे असतील, कुठले दोन ते आठवत नाही.
ही वही कुणी वाचणार नव्हतं. तरी एकही आकडा खरा नाही. सौ.चा हिशोब तेवढा बरोबर, रोज एक पुडा. पण कुणाच्या वाट्याला किती, हे तिला कुठून माहीत असणार? सतराला जास्त मिळायचं. किती जास्त, हे मला माहीत असायला हवं होतं.

२८ नोव्हेंबर
मॅडमना सांगितलं, नोंद नाही. कोरा तक्ता त्यांनी घडी घालून खिशात ठेवला.
सर लेख मागे घेतायत. जानेवारीची जागा देणाऱ्या संस्थेला मॅडमनी येऊ शकत नाही म्हणून कळवलं. प्रयोग पहिल्यापासून. उजवीकडचे वीस आता कशाच्याच उपयोगाचे नाहीत. त्यांचं काय होणार ते मी विचारलं नाही. बाद झालेल्या प्राण्यांचं काय करायचं, तो नियमाचा कागद दारावर मीच चिकटवलाय.

१ डिसेंबर, सोमवार
नवे चाळीस उंदीर आले. दाणे यापुढे मॅडम स्वतः घालणार, रविवारीसुद्धा. दाण्यांच्या कपाटाची किल्ली सकाळीच माझ्याकडून मागून घेतली. माझ्याकडे पिंजरे धुणं राहिलं. फलकावर आता तीन शोध आहेत.
मॅडम दिवसभरात माझ्याशी सहा वेळा बोलल्या. काका एकदाही म्हणाल्या नाहीत. हे आकडे बरोबर आहेत.