जमिनीखालच्या गाठींची वाटणी

मी, हुबर्टिना मारिया केसेल्स, कै. सेर्वास केसेल्स यांची पत्नी, वय वर्षे ७६, धंदा बुरशीची लागवड, राहणार सेव्हेनुम, असे लिहून ठेवते की आज माझी बुद्धी शाबूत आहे, माझ्यावर कुणाचा दबाव नाही आणि मी कोणत्याही पदार्थाच्या अमलाखाली नाही. हे शेवटचे शब्द नोटरी फेरहाखेन यांनी आग्रहाने घालायला लावले. माझा धंदा त्यांना ठाऊक आहे. त्यांच्या स्वतःच्या तोंडाला दुपारच्या वाइनचा वास येत होता, पण वाइन हा आमच्याकडे पदार्थ नसून जेवण आहे.

यापूर्वी केलेली माझी सर्व मृत्युपत्रे रद्द समजावीत. त्यांतल्या एकात मी माझी नणंद ओडा हिला चांदीचे चमचे दिले होते. तेही रद्द. कारण पुढे येईल.

१. राहते घर विकावे आणि आलेली रक्कम माझी मुलगी मेख्टिल्ड व मुलगा लाम्बेर्ट यांनी निम्मी निम्मी घ्यावी. यावरून भांडण होणार नाही. ती दोघे भांडत नाहीत. कित्येक वर्षांत ती एकमेकांशी धड बोललेलीच नाहीत.

२. शिलाई यंत्र, फळे भरून भाजायच्या 'पाय' या गोड पदार्थाची सगळी पत्र्याची ताटे आणि जर्दाळूच्या पायची माझी कृती शेजारीण नेली ट्यूसेन हिला. कृती ती आधीच चोरून वापरते, आता उजळ माथ्याने वापरावी.

३. मागची शेड. हिच्याविषयी सविस्तर लिहिणे भाग आहे.

आम्ही आधी साधी अळंबी पिकवत होतो. मोठ्या कंपन्यांनी भाव पाडले, तेव्हा रविवारची प्रार्थना कधी न चुकवणाऱ्या माझ्या नवऱ्याने डोके लढवले आणि जी खाल्ल्यावर माणसाला नसलेले रंग दिसू लागतात ती अळंबी लावली. पुढे सरकारने तिच्यावर बंदी घातली. बंदीच्या यादीत नावे लिहिली ती जमिनीवर उगवणाऱ्या अळंबीची. त्याच बुरशीला जमिनीखाली गाठी धरतात, त्यांत तेच द्रव्य असते, ते कुणी लिहिले नाही. म्हणजे एका आईची दोन लेकरे, एक तुरुंगात आणि एक दुकानात. सेर्वासने दुसऱ्या दिवसापासून गाठी पिकवल्या. आमचा धंदा वाढला, करही वाढला, आणि तो सरकारने न लाजता घेतला.

४. माझी मुलगी मेख्टिल्ड मनोविकारतज्ज्ञ आहे. मरणाच्या भीतीने खचलेल्या रुग्णांना हेच द्रव्य देऊन पाहावे, असा तिचा अभ्यास आहे. तिच्या इस्पितळात ते पोलादी तिजोरीत राहते. दोन किल्ल्या दोन माणसांकडे असतात. एक गोळी बाहेर काढायची तर आधी समित्यांपुढे वर्षानुवर्षे मांडणी करावी लागते. त्याच इस्पितळासमोरच्या दुकानात माझ्या गाठी पिशवीत मिळतात, सोबत एक माहितीपत्रक आणि दुकानदाराच्या शुभेच्छा. मेख्टिल्डचे म्हणणे, संशोधनाला मोकळीक द्या आणि दुकाने बंद करा. पोरगी माझ्या मालाला डॉक्टर करणार आणि मला बेकार. तरी तिचे खरे आहे, हे मी इथे मान्य करते. तिच्यासमोर केले नसते.

५. माझा मुलगा लाम्बेर्ट, घरात लाम. तो शीतगृहांची यंत्रे दुरुस्त करतो, हात सोन्याचे आहेत. एकोणीस वर्षांचा असताना त्याने मित्रांबरोबर एक पिशवी खाल्ली. आमच्याच शेडमधली होती. मित्र दुपारी हसत घरी गेले. लाम वर्षभर परतला नाही. दिव्यातून कुणी पाहते म्हणून तो अंधारात बसे, मला ओळखे पण माझ्यावर विश्वास ठेवत नसे. नंतर बरा झाला. शेडमध्ये मात्र त्याने पुन्हा पाऊल टाकले नाही.

त्याने माहितीपत्रक नीट वाचले होते. त्यात विचारले होते, घराण्यात कुणाला मनाचा आजार होता का? पोराने प्रामाणिकपणे 'नाही' म्हटले. आमच्याकडे नव्हताच ना. सेर्वास आणि ओडा यांचे काका नोल आयुष्यभर मठात 'विश्रांतीला' होते. कसली विश्रांती ते ओडाला ठाऊक होते. मला लाम इस्पितळात गेल्यावर कळले. "अशा गोष्टी कोण चारचौघांत बोलतं?" म्हणाली. म्हणून चमचे रद्द. ओडाला त्या माहितीपत्रकाची एक प्रत द्यावी, चांगल्या चौकटीत बसवून.

६. गेल्या महिन्यात माझा वाढदिवस झाला. रीतीप्रमाणे खुर्च्या गोल मांडल्या होत्या, आणि येणाऱ्या प्रत्येकाने गोलातल्या प्रत्येकाशी हात मिळवून "आईबद्दल अभिनंदन" म्हणायचे होते. मेख्टिल्ड आणि लाम यांनी सगळ्यांचे अभिनंदन केले, ओडाच्या कुत्र्याचेसुद्धा, फक्त एकमेकांचे सोडून. मग कुणीतरी मेख्टिल्डच्या अभ्यासाबद्दल विचारले. धोका फार थोड्यांना असतो, असे ती म्हणाली.

"त्या थोड्यांत मीच ना, ताई?" लाम बशीत बघत म्हणाला.

"तुझ्यासारख्यांना आम्ही घेतच नाही, लाम. आधी विचारतो, घरात कुणाला होतं का म्हणून."

"मलाही विचारलं होतं."

ओडा म्हणाली, "जर्दाळूचा पाय उरलाय, कुणी घेणार का?"

७. माझ्या स्वादुपिंडात कर्करोग आहे. उन्हाळा मी बघणार नाही. मला मरणाची भीती वाटते, साधी, लहान मुलाला वाटते तशी. मी मेख्टिल्डला म्हटले, मला तुझ्या अभ्यासात घे. ती म्हणाली, "सख्ख्या आईला घेता येत नाही गं. दुसऱ्या शहरात परवानगी मिळेल, पण पुढच्या वर्षी."

तेव्हा मी ठरवले आहे की येत्या रविवारी सकाळी माझ्याच स्वयंपाकघरात माझ्याच गाठी खायच्या. ते कायदेशीर आहे, दुकानदाराला विचारा. मेख्टिल्डने "समजा एखादी म्हातारी बाई असं करणार असेल" अशी सुरुवात करून माझ्या हृदयाची तपासणी करून घेतली आणि मी रोज घेते त्या गोळ्यांविषयी बरेच प्रश्न विचारले. एकटीने बसायचे नाही, हे तिने चारदा सांगितले. ती स्वतः येऊ शकत नाही. बाहेर कळले तर तिचा अभ्यास बंद पडेल आणि तिचे रुग्ण ताटकळतील.

मग मी लामला विचारले.

"आई, मला हे पटत नाही."

"पटवून घेऊ नकोस. नुसता बस माझ्याजवळ."

"तू घाबरलीस तर मी काय करू?"

"तू घाबरला होतास तेव्हा कुणी काय करायला हवं होतं?"

त्याने पाना खाली ठेवला. "दिवा मालवायला हवा होता," तो म्हणाला. "आणि सोडून जायला नको होतं. बसतो मी."

८. शेड, त्यातल्या सर्व पिशव्या आणि परवाने एकट्या लाम्बेर्टला. त्याने ती पाडावी, विकावी, किंवा कायदा बदलला तर बहिणीच्या इस्पितळाला द्यावी. त्यात कुणी बोलू नये. जोखीम त्याने सोसली आहे, निवाडाही त्यानेच करावा. रविवारी माझे काय झाले हे बघून करावा, एवढीच विनंती. रविवारी मी मेले तर तो दोष त्याचा नाही, मेख्टिल्डचा नाही, गाठींचाही असेलच असे नाही. माझे हृदय जुने आहे.

९. हे कलम आज सकाळी वाढवले. मी हे सगळे मेख्टिल्डला फोनवर वाचून दाखवले. तिने एवढेच विचारले, "तो नक्की बसणार आहे?" मी हो म्हटले. "मग त्याला सांग, मी कोपऱ्यावर गाडीत असेन. काही लागलं तर हाक मार म्हणावं."

लाम शेजारीच उभा होता. त्याने माझ्या हातातून फोन घेतला.

"गाडीत कशाला, ताई? गारठशील. आत ये."

"कुणी विचारलं, का आलीस, तर काय सांगू?"

"भावाला भेटायला आले म्हण."

लामने फोन ठेवला नाही, तसाच कानाला धरून उभा राहिला, आणि मी हे लिहायला बसले.

वरील मजकूर मी स्वतःच्या हाताने लिहिला, वाचला आणि त्यावर समोर बसलेल्यांदेखत सही केली.

हुबर्टिना मारिया केसेल्स

साक्षीदार:
१. नेली ट्यूसेन, शेजारीण. मजकूर वाचला नाही असे सांगते. वाचला आहे.
२. गेरलाख पूल्स, शीतगृहाचा मालक. वाचला नाही, चष्मा विसरला.

स्थळ: सेव्हेनुम, स्वयंपाकघर
दिनांक: गुरुवार, १४ नोव्हेंबर २०२४