ना पास, ना रिजेक्ट

३ मार्च
बायकोच्या छातीतल्या गाठीचा बायोप्सी रिपोर्ट आला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, कॅन्सर नाही. मी हुश्श करून उठलोच. म्हणाल्या, बसा. पेशी जरा वेगळ्या दिसतायत, पुढे काही होणारच नाही असं सांगता येत नाही. म्हणजे काय? इतकी वर्षं कारखान्यात नटबोल्ट तपासतोय. माल पास असतो नाहीतर रिजेक्ट. हे मधलंच काय काढलंय!

निश्चय: शांत राहणार. घरात एकाने तरी खंबीर हवं. कोणालाही सांगायचं नाही.

३ मार्च, संध्याकाळ
मेहुणीला फोन केला. ती घरचीच, ती धरायची नाही. म्हणाली, भाऊजी, आधी रडणं थांबवा, काय झालंय ते तरी कळू दे. रडत नव्हतो. सर्दी आहे.

६ मार्च
इंटरनेटवर काही वाचायचं नाही. बंद म्हणजे बंद.

७ मार्च
थोडंसंच वाचलं. घास उतरेना. बायको मात्र पोटभर जेवून ऑफिसला गेली. तिला गांभीर्यच नाही.

१२ मार्च
डॉक्टरांची मीटिंग झाली. जाड सुईने आणखी थोडा भाग काढून शेजारी काही लपलंय का बघणार. मी बाईंना आमची पद्धत समजावली: संशय आला की अख्खी पेटी बाजूला. सगळंच काढून टाका, कटकट नको. बायको एकदम उसळली. म्हणाली, पेटी नाहीये ती, मी आहे. ताण आलाय बिचारीला.

१९ मार्च
सुई झाली. धीर द्यायला मी आत होतो. मशीन बघून जरा खाली बसावं लागलं. नर्सने पाणी दिलं, मला. बायकोने पलंगावरूनच विचारलं, बरा आहेस ना? बराच होतो. खोली कोंदट होती.

२८ मार्च
रिपोर्ट आला. लपलेलं काही सापडलं नाही. मी टेबलावर थाप मारून पास म्हणालो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तसं नाही हो. धोका इतर बायकांपेक्षा जास्तच राहणार. दरवर्षी तपासणी. किती वर्षं, विचारलं. म्हणाल्या, बघत राहू.

गाडीत बायको रडली. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच. सिग्नलला थांबलो होतो. मी म्हणालो, घाबरू नकोस, मी आहे ना. ती म्हणाली, तू आहेस रे, पण तू काय करणार आहेस?

सिग्नल सुटला, मागचे हॉर्न वाजवायला लागले. तिने डोळे पुसले. म्हणाली, चल, गाडी काढ.

काढली.