न गाळलेलं पाणी

॥ श्री ॥

निपाणी,
मंगळवार, १ एप्रिल २०२५

ती. स्व. अक्कास,
जिनदत्तचा शि. सा. न. वि. वि.

हा विषय फोनवर काढता येत नाही, म्हणून पत्र. तुला ऐकू यावं म्हणून मला ओरडावं लागतं, आणि मी ओरडलो की घरात जयापासून मागच्या तंबाखूच्या वखारीपर्यंत सगळ्यांना ऐकू जातं.

तुझ्या दिव्याचा काल फोन आला. तिच्या कॉलेजात पंचावन्नच्या पुढच्यांसाठी उन्हाळी वर्ग निघालेत: मोबाइल, मोडी, बागकाम आणि पोहणं. मी आधी माझं मत ऐकवलं, की माणसानं वर्गात बसून शिकू नये, आपलं आपण शिकावं. सातवीनंतर मी शाळेची पायरी चढलो नाही, तरी चिकोडीपर्यंतच्या जळक्या मोटारी वायंडिंगला माझ्याच दुकानात येतात. हे मी साडेअकरा मिनिटं सांगितलं. बाराव्या मिनिटाला तिनं मला पोहण्याच्या वर्गाच्या समारोपाला, ४ मेला, प्रमुख पाहुणा करून टाकलं. वर म्हणाली, की मामा, नऊ वर्षांचे असताना तुम्ही विहिरीत उडी मारून आईला वाचवलंत, तेव्हा सांगतासुद्धा तुम्हीच तलावात उडी मारून करायची. मी भारावून होय म्हणालो. प्रमुख पाहुणा म्हटलं की माझी अक्कल तेवढ्यापुरती रजेवर जाते.

अक्का, अठ्ठेचाळीस वर्षांत हे पहिल्यांदाच कागदावर उतरवतोय, म्हणून बिनचूक लिहितो. मळ्यातल्या विहिरीत पडलो मी. उडी मारलीस तू. केसांना धरून वर काढलंस तू. चौदा वर्षांची पोरगी गुपचूप पोहायला शिकलीय हे आप्पांना कळलं असतं, तर तुझी पाठ सोलून निघाली असती. म्हणून तूच मला पढवलंस, की अक्का पडली आणि मी काढली असं सांग. मी सांगितलं. शाळेनं सत्कार केला, हा जाडजूड शब्दकोश दिला, प्रशस्तिपत्र दिलं. शब्दकोशावर मी शिकलो आणि प्रशस्तिपत्र दुकानात माझ्या डोक्यावर टांगलेलं आहे. मला पोहता मात्र आजही येत नाही.

तेव्हा दिव्याला सांगून हे रद्द कर. कंबर धरलीय म्हण. डाव्या बाजूनं म्हण, म्हणजे खरं वाटेल.

लोभ आहेच, तो हे वाचूनही टिकावा.
तुझा
जिनदत्त

ता. क. पत्र फाडून टाक.

॥ श्री ॥

शहापूर, बेळगाव,
८ एप्रिल २०२५

चि. जिनदत्त यास,
अक्काचे अनेक आशीर्वाद.

पत्र फाडलं न्हाई, तांदळाच्या डब्यात घातलंय. कंबरेचं दिव्याला सांगितलं, डाव्या बाजूसकट. ती म्हणाली, पाण्यात कंबरेला लई आराम पडतो, मामांना नक्की आणायचं. आता भोग.

आणि एक दुरुस्ती कर. तू पडला न्हाईस. कसल्या तरी मासिकात पोहण्याचं चित्र बघितलंस आणि मला जमतंय म्हणून कपडे काढून, घडी घालून, उडी टाकलीस. घडी मी बघितली होती. एवढा काटेकोर माणूस तू, आणि मुद्द्याचंच विसरतोस व्हय रं?

आता माझी बातमी. मी पण बायकांच्या तुकडीत नाव घातलंय. बासष्टाव्या वर्षी अंगभर काळा पोशाख आणि डोक्याला लाल रबरी टोपी. आरशात बघून माझी मीच हसले. अर्जात विचारलं होतं, पूर्वी पोहता येत होतं का. येतंय म्हणून लिवलं असतं, तर दिव्यानं विचारलं असतं, मग मामानं कशाला काढलं तुला? म्हणून न्हाई लिवलं. शिकवणारी तेजस्वी म्हणून तरणी पोर हाय. दांडीला धरून पाण्यात बुडबुडे काढायला लावती. कानातलं यंत्र बाहेर ठेवावं लागतं, तवा तिचं बोलणं ऐकू येत न्हाई, पण ओठांवरून कळतं, घाबरू नका आजी म्हणती. मी जमेल तेवढं घाबरते.

माझ्या भावजयीला, जयाला आशीर्वाद. कंबर सांभाळ, डावी.
तुझी
अक्का

॥ श्री ॥

निपाणी,
१५ एप्रिल २०२५

ती. स्व. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

घडीचा उल्लेख टाळला असतास तर बरं झालं असतं. पण नोंद घेतली आहे.

उडी टळत नाही म्हटल्यावर मी पोहणं शिकायचं ठरवलं. अर्थात माझं मी. पहिले तीन दिवस दुकानात स्टुलावर पालथा पडून हातपाय मारले. मला हे उत्तम जमलं. गिऱ्हाइकांत चर्चा झाली, आणि जयानं बाजारातून येता येता बघून तसंच माघारी जाणं पसंत केलं.

चौथ्या दिवशी यल्लाप्पाच्या विहिरीवर गेलो. त्याच्या पंपाची जळकी मोटार मी दोनदा नव्या तारेनं भरून दिलीय, म्हणून तो मला मास्तर म्हणतो. त्यानं त्याच्या लहानपणचा पांगाऱ्याचा बिंडा काढून दिला. हलक्या लाकडाचा हा भारा पाठीला बांधला की माणूस बुडत नाही, असा सगळ्या गावांचा अनुभव. यल्लाप्पा तो खांद्यांच्या जवळ बांधत होता. मी त्याला थांबवलं. माझं वजन ८१ किलो, बिंड्याचं साडेचार. शब्दकोशात ‘गुरुत्वमध्य’ काढून वाचला, हिशेब मांडला आणि बिंडा कंबरेखाली बांधायला लावला. हिशेब बरोबर होता. माझा कंबरेखालचा भाग अजिबात बुडाला नाही. उरलेला मी मात्र पाण्याखाली होतो आणि दोन्ही पाय आकाशात. यल्लाप्पानं दोर ओढून मला सुलटं केलं आणि अतिशय आदरानं म्हणाला, की मास्तर, मोटार उलटी बसवलीसा जनू.

जन्मभर पाणी गाळून प्यालेला मी. आईनं घालून दिलेला तो एकच नेम कधी मोडला नव्हता. त्या विहिरीचं किमान अर्धा लिटर मी न गाळता प्यालो. जीवजंतूंची क्षमा मागितली आहे.

अजून एकोणीस दिवस आहेत.

कृपा असू दे, माझी शोभा अजून व्हायची आहे.
तुझा
जिनदत्त

॥ श्री ॥

शहापूर,
२२ एप्रिल २०२५

चि. जिनदत्त यास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून एवढी हसले, की शेजारची मालुबाई काय झालं म्हणून बघायला आली. पण आजचं पत्र जरा वेगळं हाय, रागावू नको.

परवा तेजस्वीनं सगळ्यांना दांडी सोडून चार हात मारा म्हणून सांगितलं. मी सोडली. सोडल्यावर काय झालं कोण जाणे. हातपाय आपले आपणच निघालं. यंत्र काढलेलं, कानात सगळं गप्प, आणि अंगाखालनं पाणी जातंय. मी चौदा वर्षांची झाले रं. डोळे उघडले तवा निम्मा तलाव मागं पडला होता. तेजस्वी काठावरनं पळत आली. कुठं शिकलात म्हणाली. मी म्हटलं, कुठं न्हाई गं, घाबरून हात मारले. आणि पाय टेकून चालत माघारी आले.

समारोपाला तीन बायका अख्खा तलाव पोहून दाखवणार हाईत. त्यात माझं नाव न्हाई, कारण मी नवशिकी. घरी येऊन चहा केला, साखर घालायची राहिली, तसाच प्याले. तुला काढलं त्यानंतर मी पाण्यात उतरले नव्हते, हे तुला ठाऊक हाय का? पढवून सांगितलेली गोष्ट खरी दिसावी म्हणून, आधी आप्पांच्या समोर, मग सासरी, सगळीकडं पाण्याला भ्याले. आता सवय झालीय.

तू काळजी करू नको. तुला शब्द दिलाय. तुझी गोष्ट मी बुडू देणार न्हाई.

बिंडा खांद्यांजवळ बांध.
तुझी
अक्का

॥ श्री ॥

निपाणी,
सोमवार, ५ मे २०२५

ती. स्व. अक्कास,
शिरसाष्टांग नमस्कार.

काल मी काय बोललो हे तुला कळलेलं नाही. तू पलीकडच्या काठावर होतीस, यंत्र पिशवीत होतं, आणि नंतर बायकांच्या गराड्यात तू मला सापडली नाहीस. म्हणून तपशील देतो.

तुझं २२ तारखेचं पत्र वाचलं आणि बिंडा यल्लाप्पाला परत दिला. मग प्रशस्तिपत्र खाली उतरवलं. भिंतीवर त्याच्या मापाचा स्वच्छ चौकोन उमटलाय. तो पुसून जात नाही.

मी भाषण चार पानी लिहिलं होतं, तळटिपांसकट. त्यातलं एक वाक्य वाचलं नाही. प्रशस्तिपत्र उंच धरून म्हणालो, की यात दोन चुका आहेत. घटना १६ एप्रिल १९७७ची, इथं १७ छापलीय. ही चूक मी शाळेत असतानाच हेडमास्तरांच्या नजरेस आणून दिली होती. दुसरी चूक नावाची; ती आणून द्यायची राहून गेली. विहिरीत मी होतो. उडी माझ्या अक्कानं मारली. ती लाल टोपीवाली. तिला पोहायला येतं, मला येत नाही.

सगळे तुझ्याकडं वळले ते तेव्हा. तुला वाटलं असणार, टोपी वाकडी झालीय. तू ती सारखी केलीस. म्हणून मला खुणा कराव्या लागल्या. भर व्यासपीठावर प्रमुख पाहुण्यानं दोन्ही हातांनी हवेत पोहून दाखवलं. लोक हसले. स्टुलावर केलेला सराव वाया गेला नाही.

आणि मग तू सूर मारलास. जायला एकोणीस हात, यायला वीस. शेवटचे दोन मी मोजले नाहीत, अंदाजानं धरलेत. त्या वेळी नीट दिसत नव्हतं. दिव्या शेजारी उभी होती. तिनं तोंड तलावाकडं फिरवलं. माझा हात मात्र तिनं सोडला नाही.

शब्दकोश पार्सलनं पाठवला आहे. पहिल्या पानावरचं माझं नाव लाल शाईनं खोडून तुझं घातलंय, तारीख सुधारलीय, खाली सही केलीय. जे काही शिकलो ते याच्यावर, म्हणजे तुझ्या पुस्तकावर. आपलं आपण शिकलो असं यापुढं कुणाला सांगणार नाही. निदान साडेअकरा मिनिटं तरी नाही.

राग असेल तर सविस्तर कळव. लोभ मागायचा हक्क सध्या नाही.
तुझा
जिनदत्त

॥ श्री ॥

शहापूर,
११ मे २०२५

चि. जिनदत्त यास,
अक्काचे उदंड आशीर्वाद.

पार्सल पोचलं. पहिलं पान उघडलं, नाव वाचलं. चष्मा पुसून परत वाचलं. दिव्यानं वाचलं. मालुबाईला बोलावून तिला पण वाचायला लावलं.

पुस्तक परत पाठवतीय. माझ्याकडं ते तांदळाच्या डब्यात मावत न्हाई, आणि तू त्याच्याशिवाय दुकान चालवशील कसा? पान तेवढं फाडून ठेवून घेतलंय. पुस्तक फाडलं म्हणून ओरडशील. ओरड, यंत्र काढून ठेवलंय.

दिव्याचा राग दोन दिवस होता. तिसऱ्या दिवशी तिनं मला विचारलं, मामांनी कपड्याची घडी खरंच घातली होती का. मी होय म्हटलं, तवापास्नं हसतीय. तेजस्वीनं मला भित्र्या बायकांना दांडी सोडायला शिकवायचं काम दिलंय. मी त्यांना सांगते, घाबरू नका.

पुढच्या उन्हाळ्यात पुरुषांच्या तुकडीत तुझं नाव आत्ताच घातलंय. पूर्वी पोहता येत होतं का, त्या रकान्यात मी न्हाई लिवलं. या घरातनं त्या रकान्यात पहिल्यांदाच खरं गेलंय. वर्गात बसून शीक, शिकवणारी सांगेल तसंच हात मार, आपलं डोकं चालवू नको. गेल्या बारीला केस होते म्हणून वाचलास. आता धरायला काय ऱ्हायलंय रं?

जयाला सांग, माया दोघांवर हाय, तिच्यावर जरा जास्त.
तुझी
अक्का